रूम चारसमोरची रांग

मदत करायची सगळी तयारी झाली होती. मदत घेणारं तेवढं कोणी मिळत नव्हतं.

रत्नाबाईंच्या ओट्यापासून जेवणाच्या टेबलापर्यंत फराळाचे डबे मांडलेले होते. चकल्या, चिवडा, शंकरपाळे, दोन-दोन बेसनाचे लाडू, आणि प्रत्येक झाकणावर मराठी मंडळाचं स्टिकर. फ्रिजला टेकवून बॅनर उभा केला होता : 'शटडाऊनग्रस्त बांधवांना मदतीचा हात'. बॅनरवर खरोखरच एक हात काढला होता, आणि त्या हाताच्या चौपट मोठा प्रायोजकाचा चेहरा. प्रायोजक गृहकर्जाचा एजंट होता. ज्यांचे हप्ते थकणार होते त्यांना चकली देऊन धीर देण्यात त्याला एवढा रस का, हे विचारायचं मंडळात कोणालाच सुचलं नव्हतं.

"नंदू, अरे आपल्यातलं कोणी सापडतंय का रे?" मनोहरराव फोन स्पीकरवर टाकून स्वयंपाकघरात येरझारा घालत होते. मंडळाचे अध्यक्ष झाल्यापासून ते फोनवर बसून बोलतच नसत. "फेडरल नोकरीवालं. पगार अडकलेलं. एक कुटुंब मिळालं तरी पुरे."

"आपल्यात कोण असणार काका!" पलीकडून नंदू हसला. "आपण सगळे आयटीवाले, यार. सरकार बंद पडो नाहीतर चालू राहो, आपल्याला काय फरक पडतो?"

"तू कुठे असतोस रे सध्या?"

"मी?" नंदूला जरा खोकला आला. "मी डेटामध्ये आहे, काका."

अ‍ॅशबर्नसारख्या वॉशिंग्टनजवळच्या गावात कोण डेटामध्ये नसतं? खिडकीतून दिसणाऱ्या बिनखिडक्यांच्या अजस्र इमारतींमध्ये निम्म्या जगाचा डेटा ठेवलेला होता. मनोहररावांचं समाधान झालं आणि त्यांनी फोन ठेवला.

"प्रतिमाला विचारलंत का?" त्यांनी सुनेकडे पाहिलं.

"बाबा, प्रतिमा एव्हिएशनमध्ये आहे," विनीता लाडवांवर बेदाणे दाबत म्हणाली. "मोठ्या पोस्टवर असणार. मागच्या गणपतीत सांगत होती, तिच्याशिवाय एअरपोर्टवर पान हलत नाही म्हणून."

"मग करायचं काय? चारला कार्यक्रम. बॅनरचे पैसे देऊन बसलोय. स्टेजवर हात पुढे करायचा तो कोणाच्या पुढे?"

"एक घर आहे माझ्या माहितीतलं," रत्नाबाई म्हणाल्या.

"कुठे?" मनोहरराव थांबले.

"इथून दोन सिग्नल पुढे. टाऊनहाऊस आहे. वरच्या मजल्याला छोटी गॅलरी आहे बघा. बाई एकटीच राहते, रोज कामावर जाते, पगार नाही."

मनोहररावांनी डब्यांकडे पाहिलं, मग बॅनरकडे. शांतनूनं, म्हणजे त्यांच्या थोरल्यानं, फोनमधून डोकं वर काढलं नाही. पण त्याचा अंगठा थांबला.

"रत्ना, आपल्या हिमानीचा विषय वेगळा आहे."

"वेगळा कसा? तिला चकली आवडत नाही?"

"मंडळात आपण सांगितलंय, ती सुट्टीवर आहे म्हणून."

हे मात्र खरं होतं. वॉशिंग्टनमध्ये अंदाजपत्रकावरून भांडण झालं आणि सरकार बंद पडलं, तेव्हा अध्यक्षांनी घरातल्या घरात एक निवेदन तयार केलं होतं. हिमानी सुट्टीवर आहे. वस्तुस्थिती अशी होती की हिमानी हवामान खात्याच्या कचेरीत पाळ्या करत होती, आणि सुट्टीच्या दिवशीही करत होती, कारण दोघेजण आजारी होते. सरकारने तिला अत्यावश्यक ठरवलं होतं. जिच्यावाचून सरकारचं चालत नाही, पण जिचं पगारावाचून चालतं अशी सरकारची समजूत आहे, ती अत्यावश्यक.

तेवढ्यात गॅरेजचं दार वाजलं आणि अत्यावश्यक बाई स्वतःच आत आल्या. गळ्यात ओळखपत्र, डोळ्यांखाली रात्रपाळी.

"चहा?" रत्नाबाईंनी विचारलं.

"भरपूर. वॉव, एवढे डबे! कोणासाठी?"

हिमानीनं बॅनर वाचला. तिला मराठी सावकाश वाचता येई, त्यामुळे घरच्यांना तिच्या चेहऱ्याकडे बघायला बराच वेळ मिळाला.

"छान," ती म्हणाली. "हा माणूस कोण आहे? हा शटडाऊन आहे का?"

शांतनू फिसकन हसला. मनोहरराव हसले नाहीत. "आज पाऊस आहे का गं? बाहेर रांगोळी काढायची आहे."

"वीस टक्के."

"म्हणजे येणार की नाही?"

"म्हणजे वीस टक्के, बाबा."

"पगार बंद आहे तोवर तरी हो की नाही ते सांगत जा," शांतनू म्हणाला. "टक्के पगार सुरू झाल्यावर."

हा विनोद घरात तिसऱ्यांदा होत होता. हिमानी पहिल्यांदा हसली होती.

चहा झाल्यावर विषय निघाला. तो कोणी काढला नाही. अलीकडे तो असाच आपोआप निघे. हिमानीच्या घराचा हप्ता एक तारखेला होता. शिल्लक म्हणावी तर घटस्फोटाच्या वकिलानं मागच्याच वर्षी ती नीट धुऊन पुसून स्वतःकडे नेली होती. बँकेनं दिलगिरीचं सुंदर पत्र पाठवलं होतं आणि त्यात हप्त्याची तारीख ठळक अक्षरात छापली होती. घर हातचं जायला नको असेल तर या महिन्याचं काहीतरी करायलाच हवं होतं.

"मी भरतो म्हटलंय ना," शांतनू म्हणाला. "आत्ता चेक देतो. फक्त रेझ्युमे पाठव. आमच्या डेटा सेंटरला कूलिंगच्या टीममध्ये माणूस हवाय. तुझीच लाइन आहे. आमच्याकडेही हवामानच असतं, फरक एवढाच की ते आम्ही ठरवतो."

"दादा, मला ठरवायचं नाहीये. मला सांगायचंय."

"सांगून पैसे मिळत नाहीत हे सध्या सिद्ध झालंय."

"त्यापेक्षा सरळ घरी ये," मनोहरराव म्हणाले. "टाऊनहाऊस भाड्यानं दे, भाड्यात हप्ता जाईल. खाली एवढं मोठं फिनिश्ड बेसमेंट पडलंय. वेगळं बाथरूम आहे, वेगळं दार आहे. तुला काय कमी आहे?"

"पण बाबा, हिमानीला तिचं घर आवडतं," विनीता लगेच म्हणाली. "स्टेट गव्हर्नमेंट मदत देतंय ना? बिनव्याजी आहे. पगार आला की फेडायचं. घेऊ दे की तिला. इंडिपेंडन्स नावाची काही गोष्ट असते."

रत्नाबाईंनी सुनेकडे कौतुकानं पाहिलं. नणंदेच्या स्वातंत्र्याबद्दल एवढा जिव्हाळा त्यांनी या घरात प्रथमच पाहिला होता. मग त्यांना आठवलं : विनीताचे आईवडील जानेवारीत कोल्हापूरहून सहा महिन्यांसाठी येणार होते. बेसमेंटला वेगळं बाथरूम होतं, वेगळं दार होतं.

"स्टेटची मदत घ्यायची नाही, हे ठरलंय," मनोहरराव म्हणाले. "तिनं शब्द दिलाय मला. तेवीस वर्षं या गावात आपण देणाऱ्यांच्या बाजूला उभे आहोत. माझी मुलगी सरकारी मदतीच्या रांगेत उभी राहणार नाही."

"मदत सरकारचीच आहे बाबा, आणि मी सरकारचंच काम करते," हिमानी म्हणाली. "पण हो. दिलाय शब्द. रांगेत उभी राहणार नाही. माझ्या लक्षात आहे."

रत्नाबाईंना यात बोलायला तोंड नव्हतं. लेक घरी यावी असं घरात सगळ्यांत जास्त कोणाला वाटत होतं तर त्यांना. बेसमेंटच्या कपाटात, जुन्या सूटकेसच्या मागे, नव्या पडद्यांचा एक खोका होता. निळे, अगदी फिकट. शटडाऊन सुरू झाल्यावर आठवडाभरातच त्यांनी ते मागवले होते. देशाचं सरकार बंद पडलेलं असताना आपण पडद्यांचा रंग निवडतो आहोत, याची त्यांना थोडी लाजही वाटली होती; पण ऑर्डर रद्द करण्याइतकी नाही.

*

कम्युनिटी सेंटरचा मोठा हॉल मंडळानं सहा महिने आधी घेऊन ठेवला होता. कॉरिडॉरच्या पलीकडची रूम चार मात्र राज्य सरकारनं मागच्या आठवड्यात घेतली, बिनपगारी केंद्रीय कर्मचाऱ्यांना मदत देण्यासाठी. आज तिथला शेवटचा दिवस. उद्यापासून ही मंडळी दुसऱ्या काउंटीत जाणार होती. त्यामुळे हॉलच्या दारात सनईची रेकॉर्ड, अत्तर आणि रांगोळी, आणि दहा पावलांवर, समोरच्या भिंतीला लागून, जॅकेट घातलेल्या थकलेल्या माणसांची रांग. दोन्हीकडे पाटी एकाच पद्धतीची होती. कम्युनिटी सेंटरला भेदभाव मंजूर नव्हता.

"हे आधी कळलं असतं तर मी तारीख बदलली असती," मनोहरराव पुटपुटले. त्यांनी रांगेकडे पाठ करून रांगोळीची पाहणी केली.

रत्नाबाई मोरपंखी पैठणी सावरत उभ्या होत्या. त्यांच्याकडे आज एकच काम होतं : चार वाजता अध्यक्षांबरोबर दीपप्रज्वलन. गेली दोन वर्षं त्या हे काम करत होत्या आणि दोन्ही वर्षी मेणबत्ती मध्येच विझली होती. हिमानीनं घरी जाऊन दोन तास झोप काढली होती आणि आता साधा कुर्ता घालून ती माइकच्या वायरी जोडत होती. बिनपगारी कामाची तिला सवय झाली होती.

तेवढ्यात कॉरिडॉरमध्ये नंदू दिसला. झगझगीत शेरवानी, पायांत मोजडी. तो रूम चारच्या रांगेच्या शेपटाशी पोचला, रत्नाबाईंना पाहिलं, आणि भिंतीवरच्या अग्निशामक नळकांड्याची माहिती मन लावून वाचू लागला.

"नंदू, काय शोधतोस रे?"

"टॉयलेट, काकू."

"ते तुझ्या मागे आहे. मोठं चित्र काढलंय बघ."

"अरे हो की!" नंदू आत गेला. अर्ध्या मिनिटात बाहेर आला, हात कोरडेच, आणि पुन्हा नळकांड्यापाशी उभा राहिला. अर्धं मिनिट हे तसं कमीच.

मग प्रतिमा आली. खजिनदार अनिलची बायको, लाल नारायणपेठ, नथ, आणि या सगळ्यावर, इमारतीत असूनही, मोठा काळा गॉगल. ती थेट रूम चारच्या दारापर्यंत गेली आणि आतल्या बाईंशी हळू आवाजात काहीतरी बोलून परत फिरली. रत्नाबाईंशी नजरानजर झाली.

"पार्किंगचं विचारत होते, काकू," प्रतिमा म्हणाली. "कुठे लावायची, कुठे नाही. फार घोळ आहे."

"गाडी तर अनिलनं आणली ना? मघाशीच लावली त्यानं."

"दुसरी गाडी."

रत्नाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. एव्हिएशन. जिच्याशिवाय एअरपोर्टवर पान हलत नाही. मागच्या नोव्हेंबरात नागपूरला जाताना तपासणीच्या पट्ट्यापाशी निळ्या गणवेशातल्या एका बाईनं त्यांना हात वर करायला सांगितलं होतं आणि चेहरा पटकन वळवून सहकारी पाठवली होती. रत्नाबाईंना त्या वेळी वाटलं होतं, हिला कुठेतरी पाहिलंय. मग त्या ते विसरून गेल्या होत्या, कारण मंडळातल्या बायका गणवेशात असतील असं त्यांच्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं.

अर्ध्या तासात अशी चार-पाच माणसं त्या कॉरिडॉरमध्ये काहीबाही शोधायला आली. एकाला वायफायचा पासवर्ड हवा होता. एक जोडपं हरवलेला मुलगा शोधत होतं. मुलगा त्यांच्या हाताला धरून उभा होता. सगळे भरजरी कपड्यांत, सगळे रांगेपासून हात-दीड हात अंतर राखून, आणि कोणीच कोणाला ओळखत नव्हतं, जरी सगळ्यांनी एकमेकांच्या घरचं जेवण जेवलेलं होतं. रांगेतला एक म्हातारा गोरा सुरक्षारक्षक, तोही बिनपगारी, आपल्या पुढच्याला विचारत होता, इथे कोणाचं लग्न आहे का.

हॉलच्या दारातून मनोहररावांचा आवाज आला. ते हिमानीला बाजूला घेऊन बोलत होते. बाजूला घेणं म्हणजे त्यांच्या दृष्टीनं आवाज पाव पट कमी करणं.

"मग ठरलं ना? एक तारखेपासून तू घरी. मी भाडेकरू बघतो. आई-बाबांबरोबर राहायला लाज कसली?"

शांतनू शेजारी उभा होता. "आणि रेझ्युमे मंगळवारपर्यंत," तो म्हणाला. वडिलांचं आणि मुलाचं एकमत व्हायला या घरात एरवी लग्नकार्य लागे.

हिमानीनं हातातल्या वायरीकडे पाहिलं. मग कॉरिडॉरपलीकडच्या रांगेकडे. मग ती म्हणाली, "ठीक आहे."

रत्नाबाईंना हवं होतं ते एवढंच. पडद्यांचा खोका उघडायची वेळ आली होती. पण त्या 'ठीक आहे'चा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. सहा वर्षांपूर्वी, याच गावात, याच मंडळातल्या एका उत्तम स्थळाबद्दल सगळ्यांनी तिला तीन दिवस समजावलं होतं, आणि तिनं असंच, अगदी असंच, काहीच न बघता म्हटलं होतं : ठीक आहे. एरवी पावसाच्या चार थेंबांचीही टक्केवारी सांगणारी मुलगी फक्त दोनदाच अशी टक्के न सांगता बोलली होती.

आणि बेसमेंटला खिडकी होती, पण ती जमिनीलगत. तिच्यातून गवताची मुळं दिसत. हिमानीच्या गॅलरीतून पश्चिमेचं सगळं आभाळ दिसे. हवामान पश्चिमेकडून येतं, हे तिनं रत्नाबाईंना तिथेच उभं राहून दाखवलं होतं. पडदे मागवताना हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. निळा रंग मात्र त्यांनी बरोबर निवडला होता.

"हिमानी," त्यांनी हाक मारली, "तू बाबांना शब्द काय दिलायस?"

"आई, प्लीज. आता नको."

"काय दिलायस ते सांग. नेमका."

नेमकं सांगायचं म्हटल्यावर हिमानीला राहवलं नाही. "की मी रांगेत उभी राहणार नाही."

"टेबलापुढच्या खुर्चीवर बसणार नाहीस असा काही दिलायस?"

"नाही."

"मग तू वायरी जोड. मी उभी राहते रांगेत. माझा नंबर आला की बोलावते, तू येऊन बस."

"आई! तू पैठणी नेसलीयेस."

"मग काय झालं? त्यांनी काय नेसायचं ते सांगितलेलं नाही."

रत्नाबाईंनी पदर खांद्यावर ओढला, कॉरिडॉर ओलांडला आणि रूम चारच्या रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. म्हाताऱ्या रक्षकानं त्यांना अदबीनं जागा करून दिली. त्याला वाटलं, ही नवरीची आई असणार.

नळकांड्याची माहिती आता नंदूला पाठ झाली असावी. तो म्हणाला, "काकू, तुम्ही इथे? टॉयलेट त्या बाजूला—"

"मला टॉयलेटला जायचं नाही," रत्नाबाई म्हणाल्या. आवाज त्यांनी मुद्दाम मंडळाच्या वार्षिक सभेतला लावला. "माझ्या मुलीला पगार नाही. ती सुट्टीवर नाही, कामावर आहे. तिच्या घराचा हप्ता आहे. म्हणून मी रांगेत उभी आहे. तुला उभं राहायचं असेल तर माझ्या मागे ये, नाहीतर मधून सरक, मागच्यांना वाट दे."

सनईची रेकॉर्ड तेवढी निर्लज्जपणे वाजत राहिली.

नंदू मागे येऊन उभा राहिला. "सरकारी आकडेवारी, काकू," तो त्यांच्या अंबाड्याला उद्देशून म्हणाला. "डेटाच आहे तसा. खोटं नाही बोललो."

"मला कुठे म्हणायचंय तू खोटं बोललास?"

त्याच्या मागे प्रतिमा आली. तिनं गॉगल काढून पर्समध्ये टाकला. "तुम्हाला मी ओळखलं होतं त्या दिवशी, काकू. एअरपोर्टवर."

"मीही ओळखायला हवं होतं. तुझ्या हाताखालून चिवड्याचे दोन किलो गेले माझे."

"तीन," प्रतिमा म्हणाली. "मीच जाऊ दिले."

वायफाय हवा असलेला गृहस्थ आला. हरवलेला मुलगा सापडला. विनीता कुठूनशी पाण्याच्या बाटल्या घेऊन आली आणि रांगेत वाटू लागली. सासूबाईंच्या पक्षात जायला आजच्याइतका चांगला मुहूर्त नव्हता. "आई, मी हिमानीला बोलवायला थांबते हं इथेच," ती म्हणाली, आणि मग जवळ येऊन, "तुम्ही ग्रेट आहात."

"माहीत आहे. कपाटात पडद्यांचा खोका आहे, सूटकेसच्या मागे. तुझ्या आईला फिकट निळा आवडतो का?"

विनीताला बाटली सांभाळता आली नाही. खाली सांडलेलं पाणी टिपायला कागद आणते म्हणत ती सटकली.

चार वाजून गेले तेव्हा अध्यक्ष बाहेर आले. हातात मेणबत्ती.

"रत्ना! अगं दीपप्रज्वलन! सगळे खोळंबलेत!"

"सगळे कुठे आहेत ते बघा आधी."

मनोहररावांनी बघितलं. आधी बायकोकडे, मग तिच्या मागे. शेरवानी. नारायणपेठ. मंडळाचं ढोलपथक जवळजवळ अर्धं. त्यांना सकाळपासून एक कुटुंब हवं होतं. इथे भिंतीला लागून बॅनरभर माणसं उभी होती.

"तुमचे बांधव," रत्नाबाई म्हणाल्या. "बॅनरवर छापलेले."

"काका, आम्ही जरा पार्किंगचं—" प्रतिमानं सुरुवात केली, आणि तिचं तिलाच ते पुढे नेववेना.

मनोहररावांच्या मागे प्रायोजक येऊन पोचला होता, मोबाइल सरसावून. "अरे वा! अध्यक्षसाहेब, इथेच घेऊ या का फोटो? लाइट छान आहे. सगळ्यांनी जरा हसून—"

रांगेतलं कोणीही हललं नाही. नंदूनं डोळे मिटून घेतले, लहान मुलं इंजेक्शनच्या वेळी मिटतात तसे.

मनोहररावांनी मेणबत्ती प्रायोजकाच्या हातात दिली. त्यामुळे त्याला मोबाइल खाली घ्यावा लागला. मग ते वळले आणि आत गेले. त्यांचे नवे बूट कॉरिडॉरभर करकरत राहिले.

"आता स्टेजवरून सांगणार," नंदू पुटपुटला. "नावं घेऊन."

सनई बंद झाली. माइक खरखरला. तेवीस वर्षांत त्या आवाजाला माइकची कधी गरज पडली नव्हती.

"नमस्कार मंडळी. आपल्या मंडळात शटडाऊननं ग्रासलेलं..." आवाज थांबला. आत कोणीतरी खुर्ची सरकवली. "एक सूचना आहे. बाहेर पार्किंगचा मोठा घोळ झालेला आहे. आपली बरीच मंडळी गाड्या लावताहेत. त्यांना यायला वेळ लागणार आहे, आणि लागू द्या. ती सगळी आत आल्याशिवाय दिवा लागणार नाही. तोवर मुलांनी स्टेजवर काहीतरी म्हणावं."

रांगेत पहिल्यांदा प्रतिमा हसली. मग नंदू. म्हातारा रक्षक काहीच न कळता सगळ्यांबरोबर हसला. रत्नाबाई हसल्या नाहीत. नवऱ्याला खोटं इतकं छान बोलता येतं हे त्यांना इतक्या वर्षांत कळलं नव्हतं, आणि कळल्यावर त्यांना पूर्वीच्या बऱ्याच गोष्टी पुन्हा तपासाव्याशा वाटत होत्या.

नंबर आला. विनीता पळत जाऊन हिमानीला घेऊन आली. टेबलामागच्या बाईंनी पैठणीकडे पाहून विचारलं, आपण कोणत्या खात्यात? रत्नाबाईंनी इंग्रजीत सांगितलं, आपण फक्त उभं राहण्याच्या खात्यात, बसणारी ही. हिमानी खुर्चीत बसली. ओळखपत्र दाखवलं, दोन प्रश्नांची उत्तरं दिली, सही केली. कधी फेडणार, एवढंच त्या बाईंना हवं होतं. लग्न का मोडलं, वजन का उतरलं, पुढे काय ठरवलंयस, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. राज्य सरकारचं व्याज शून्य टक्के होतं, ते हे.

बाहेर आल्यावर शांतनू दारातच होता. "हप्त्यापुरतं मिळतंय?" त्यानं विचारलं.

"हो. गुरुवारी खात्यात."

"मग रेझ्युमे?"

"दादा, तुमचं कूलिंग बिघडलं तर फोन कर. मी टक्के सांगेन."

शांतनूनं खिशातला चेक परत आत ढकलला. मग तो रांगेच्या शेवटी गेला आणि एका दमलेल्या बाईच्या कडेवरचं मूल स्वतःकडे घेऊन उभा राहिला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे त्याचा चेहरा जरा अवघडलेलाच होता.

"मिळेल ना गं नक्की गुरुवारी?" हॉलकडे जाताना रत्नाबाईंनी विचारलं.

"ऐंशी टक्के."

ऐंशी टक्के म्हणजे हो की नाही, हे त्यांनी विचारलं नाही.

हॉलमध्ये कोणाचा तरी मुलगा स्टेजवर तिसऱ्यांदा तीच कविता म्हणत होता. फराळाचे डबे दाराशी रचून ठेवले होते, ज्याला हवा त्यानं घ्यावा असे. बॅनर भिंतीकडे तोंड करून उभा होता. प्रायोजक पहिल्या रांगेत बसला होता, हातात न पेटवलेली मेणबत्ती घेऊन, आणि त्याचंही तोंड साधारण बॅनरसारखंच होतं.

मनोहरराव समईपाशी उभे होते. "झालं पार्किंग?" त्यांनी बायकोला विचारलं.

"हिमानीचं झालं. मागे अजून सात-आठजण आहेत."

"मग थांबू या," अध्यक्ष म्हणाले, आणि त्या मुलाला त्यांनी चौथ्यांदा कविता म्हणायला सांगितली.